गुळाची कृती

उसाची एक कांडी चौकटीत ठेवावी, की शेजारच्या खणात पांढरी साखर येऊन बसते. चरक नाही, काहील नाही, चुलवाण नाही, धूर नाही. मायनक्राफ्ट या खेळाशी आमचा परिचय झाला तो या दृश्याने, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांला त्याचा रागच आला. आमचे मूळ गाव दौंड तालुक्यातले, चौफुल्याच्या अलीकडचे; घरचे गुऱ्हाळ होते. ऊस आणि गोडी यांच्यामध्ये किती माणसे, किती जाळ आणि किती जागरणे असतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा सरळ हिशेब पोरकट वाटल्यावाचून राहत नाही. पण तीच कांडी आणखी दोन कांड्यांसह एका ओळीत ठेवली, की तीन कागद होतात; तीन कागदांना चामड्याचा एक तुकडा जोडला, की पुस्तक होते. तीन पुस्तके आणि सहा फळ्या यांचे एक कपाट. अशी पंधरा कपाटे एका विशिष्ट मेजाभोवती मांडली, म्हणजे त्या मेजावर तलवारीला, कुदळीला, चिलखताला मंत्रवून घेण्याची शक्ती परमावधीला पोहोचते. म्हणजे पंचेचाळीस पुस्तके, एकशे पस्तीस कागद आणि तितक्याच उसाच्या कांड्या. ग्रंथांच्या संख्येवर मंत्राचे बळ ठरते असे जग आमच्या पाहण्यात दुसरे नाही. मराठी शिकवणाऱ्याचा राग शमवावयास एवढे पुरेसे होते.

हा खेळ आमच्या घरात आणला तो पुतण्याने. तो आमच्या तात्यांचा, म्हणजे चुलत्यांचा, नातू. शिक्षणासाठी शिरूरला आमच्याकडे राहतो. मार्कुस पेर्सन नावाच्या स्वीडिश गृहस्थाने २००९ साली या खेळाचे पहिले रूप लोकांपुढे ठेवले, २०११ मध्ये तो पूर्णत्वास गेला म्हणून जाहीर झाले आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो अडीच अब्ज डॉलरना विकत घेतला, ही बखर त्यानेच आम्हांला ऐकवली. जग सारे घनाकृती ठोकळ्यांचे. प्रत्येक ठोकळा एक मीटरचा. फोडावा, उचलावा, दुसरीकडे लावावा. परंतु पुतण्या जो खेळतो तो हा मूळ खेळ नव्हे. खेळणाऱ्यांपैकीच कुणी कुणी मूळ खेळात स्वतःची भर घालतात, तिला मॉड म्हणतात. अशा शेकडो मॉडची एकत्र बांधलेली मोट म्हणजे मॉडपॅक. त्याच्या मोटेत एका बाजूला यंत्रे होती: दगडातले धातूचे कण भरडणाऱ्या गिरण्या, नळ, विजेच्या तारा, आपोआप खणणाऱ्या खाणी. दुसऱ्या बाजूला मांत्रिकांची सगळी सामग्री होती: वेदी, कांड्या, धातूंच्या अंगी लपलेली तत्त्वे, स्वतःच्या रक्ताचा नैवेद्य. दोन्ही एकाच भूमीवर. कुणी कुणाला खोटे ठरवीत नाही.

‘यात जिंकायचे काय?’ असे आम्ही विचारले.

‘काही नाही, काका.’

‘मग संपतो कधी?’

‘कंटाळा येईल तेव्हा.’

मूळ खेळाला शेवट आहे. तेथे एक महासर्प मारला, की ज्युलियन गॉफ या आयरिश लेखकाने लिहिलेला एक दीर्घ काव्यमय संवाद पडद्यावर सरकत जातो. खेळाच्या शेवटी कविता, हे आम्हांला फार आवडले. पण मॉडपॅक खेळणारे त्या शेवटाकडे फारसे फिरकत नाहीत, सर्पाशी लढले तरी त्याच्या श्वासाची बाटली भरून घेण्यासाठी लढतात, कारण ती पुढच्या कुठल्यातरी कृतीत लागते. शेवटाचेही सामान होऊन जाते.

वर्गात आम्ही १८५७चे ‘यमुनापर्यटन’ एका हाताला ठेवतो आणि १८६१ची ‘मुक्तामाला’ दुसऱ्या हाताला. इकडे वास्तव, तिकडे अद्भुत, अशी रेघ मारून देतो आणि विद्यार्थी ती परीक्षेत इमानाने परत मारून दाखवतात. राजवाड्यांच्या १९०२च्या ‘कादंबरी’ या निबंधापासून ही रेघ आपल्या समीक्षेच्या अंगवळणी पडली आहे. पुढे नारळीकर एका फळीवर गेले, धारप दुसऱ्या फळीवर. धारपांनी विज्ञानकथाही लिहिल्या याची अडचण झाली, तर ती आपण सोयीने विसरलो. पुतण्याच्या पडद्यापुढे बसून आम्ही हीच रेघ शोधू लागलो आणि ती काही केल्या सापडेना.

कारण त्या जगातील जादू ही यंत्राहून तिळभरही कमी यांत्रिक नाही. बोटानिया नावाची एक मॉड आहे. पाण्याच्या दगडी कुंडात ठरलेल्या रंगांच्या पाकळ्या टाकायच्या, वर एक बी टाकायचे, की एक सिद्ध फूल हाती येते. त्यांपैकी एक फूल कोळसा खाते आणि त्या बदल्यात ‘माना’ नावाची शक्ती देते. ती शक्ती तळ्यात साठते आणि तळ्यातून पुढच्या कामाला जाते. ही तर बाष्पयंत्राचीच भट्टी झाली, असे आम्ही म्हणालो, तेव्हा पुतण्याने सांगितले, की ही मॉड रचणाऱ्यानेच तिला निसर्गजादूचा वेष घेतलेली तंत्रज्ञानाची मॉड असे म्हटले आहे. थॉमक्राफ्ट नावाची दुसरी मॉड अधिक गंभीर. तिच्यात ज्ञान हे वहीतून, निरीक्षणातून, एकेक करून मिळवावे लागते, आणि निषिद्ध ज्ञानाच्या मागे लागले, तर शिकणाऱ्याच्या मनाला पीळ पडत जातो, नसलेल्या वस्तू दिसू लागतात. विद्येची किंमत विद्यार्थ्याने द्यावी ही कल्पना आम्हांला ओळखीची वाटली. तथापि तेथेही किती निषिद्ध ज्ञानाने किती पीळ पडेल हे आधी ठरलेले असते. आणि या साऱ्यावर कळस म्हणजे कोणत्याही वस्तूवर बाण नेऊन ‘आर’ अक्षर दाबले, की ती कशी करावी ते दिसते. ‘यू’ दाबले, की तिचे पुढे काय होते ते दिसते. मंत्र असो वा मोटार, कृती उघडी. गुप्त असे काही नाही.

याच मॉडमध्ये मातीचे पुतळे करता येतात. ते धान्य कापतात, ओझी वाहतात, सांगाल ते काम मुकाट्याने करतात. पुतण्याने एक पुतळा उसाच्या वाफ्यापाशी उभा केला. तो ठुमकत गेला, उभा ऊस तोडला आणि पेटीत नेऊन टाकला. ते पाहताना आम्हांला एकदम तात्यांचा आवाज ऐकू आला.

गुऱ्हाळावर रात्री काहिलीत रस आटत असे तेव्हा तात्या गोष्ट सांगत. ते शाळेत चौथीपर्यंतच होते, पण श्रावणात घरी ‘नवनाथ भक्तिसारा’चे पारायण चाले आणि त्या पोथीचे चाळीसही अध्याय त्यांच्या कानांत मुरलेले होते. (ही पोथी धुंडीसुत मालूने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरी केली, मराठी गद्याच्या छापील युगाच्या उंबरठ्यावरची ही ओवीबद्ध रचना आमच्या वाङ्मयेतिहासांत चार ओळींत आटोपते आणि गावोगावच्या घरांत मात्र आजही वाचली जाते.) तात्यांची लाडकी गोष्ट चिखलाच्या गाडीची. गोरक्ष संजीवनीमंत्र पाठ करीत बसला आहे. गावची पोरे चिखल खेळत आहेत. त्यांनी चिखलाची गाडी केली, पण गाडीवान काही त्यांना जमेना. ती गोरक्षाला म्हणाली, आम्हांला गाडीवान करून दे. गोरक्ष तोंडाने मंत्र घोकतो आहे आणि हाताने चिखल लिंपतो आहे. आणि पुतळा जिवंत होऊन बोलू लागला. पोरे ‘भूत, भूत’ म्हणून पळाली.

येथपर्यंत आले, की तात्या हमखास उठत. काहील आली म्हणत. गोष्ट तेथेच राही. तो पुतळा म्हणजे गहिनीनाथ, आणि गहिनीनाथापासून निवृत्तिनाथ, निवृत्तिनाथापासून ज्ञानदेव, हा पुढचा धागा आम्हांला पुष्कळ नंतर, पदव्युत्तर वर्गात कळला. एका मुलांच्या खेळात, पाठांतर करता करता झालेल्या चुकीतून वारकऱ्यांची सारी गुरुपरंपरा उभी राहते, असे या पोथीचे म्हणणे आहे. गाडी केली ती पोरांनी, तिच्यात काही चमत्कार नव्हता; अडले ते गाडीवानापाशी. आम्ही हे पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, ‘म्हणजे गाडी टेक आणि गाडीवान मॅजिक. एकाच पॅकमध्ये.’ आम्ही वर्षानुवर्षे जे वर्गात सांगू शकलो नाही, ते त्याने सात-आठ शब्दांत सांगितले आणि पुन्हा पडद्याकडे वळला.

मग आमच्या मनात आले, की या जगात साखर आहे, कागद आहे, पुस्तक आहे, पण गूळ नाही. पुतण्या म्हणाला, त्यात काय, घालता येईल. क्राफ्टट्वीकर नावाची एक सोय आहे. साध्या मजकुराच्या फाइलीत चार ओळी लिहिल्या, की नवी कृती त्या जगात रुजू होते. त्याने वही पुढे ओढली. ‘सांगा काका. किती उसाला किती गूळ?’

शंभर किलो उसाला दहा-अकरा किलो, असे आम्ही सांगितले. हे आम्हांला ठाऊक होते. चरकातून रस निघाला, की चिपाडे वाळवून तीच चुलवाणाला घालायची, म्हणजे उसानेच ऊस शिजतो, हेही सांगितले, आणि ते त्याला फार पटले. कचऱ्यावर चालणाऱ्या यंत्राची त्याला ओढच आहे. भेंडीचे खोड ठेचून त्याचे बुळबुळीत पाणी रसात घातले, की मळी वर येते, ती झाऱ्याने काढायची. चुन्याची निवळी. मग जाळ. तो भराभर लिहीत होता. ‘आणि उतरवायची कधी?’

आम्ही थांबलो.

तात्या आमच्या गुऱ्हाळाचे गुळव्या होते. गुळव्या म्हणजे चुलवाणाच्या वरच्या अंगाला उभे राहून पाक कधी झाला ते ठरवणारा माणूस. तो क्षण चुकला, की सारा आदण फुकट: अलीकडे उतरवले तर काकवी, पलीकडे गेले तर करपट. आसपासच्या गुऱ्हाळांवरून त्यांना बोलावणी येत. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आवाज, फावड्यावरून गळणारी तार हे सर्व ते पाहत असणार, पण ते नेमके काय पाहत, हे आम्ही कधी विचारले नाही. आम्ही पुण्याला शिकावयास गेलो, सुटीत आलो की काहिलीच्या कडेला गरम काकवी खाल्ली, गोष्ट अर्धी ऐकली आणि झोपलो. त्यांनी एकदा आम्हांला जवळ उभे करून म्हटले होते, ‘बघ, आता येतंय.’ आम्ही पाहिले. आम्हांला उकळता रस दिसला. त्यांनी पुन्हा बोलावले नाही. पुढे ऊस कारखान्याला जाऊ लागला, माणसे मिळेनात, शेवटची दोन वर्षे उत्तर प्रदेशातून आलेल्या मंडळींनी गुऱ्हाळ चालवले आणि मग ते बंद झाले. तात्या गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. मराठी भाषेत लुप्त झालेल्या बोलींवर, विस्मृत ग्रंथकारांवर आम्ही लेख लिहिले आहेत. घरातले एक ज्ञान आमच्यादेखत गेले, त्याचे टिपण मात्र आमच्या वहीत नाही.

पुतण्याला यातले काही न सांगता आम्ही पुस्तकी उत्तर दिले. कोल्हापूरला ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. या विषयावरील तंत्रपुस्तिकांत आकडे मिळतात. काकवीसाठी १०५-१०६ अंश, घट्ट गुळासाठी ११६ ते ११८. त्याने ११८ लिहून घेतले. मग मान वर करून म्हणाला, ‘पण आजोबांकडे थर्मामीटर होता?’

रविवारी आम्ही दोघे शिरूरहून निघालो. न्हावरे, मग पारगावापाशी भीमा ओलांडून केडगाव-चौफुल्याच्या बाजूस. या रस्त्याने उतरू लागले, की हवा बदलते. गुऱ्हाळांचा गोड, किंचित करपट वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो. एका चालू गुऱ्हाळावर थांबलो. पुतण्याने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून लांब दांड्याचा तापमापक मागून आणला होता. तेथील गुळव्या वयस्क होते. त्यांनी तापमापकाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि ‘टाका की’ म्हणाले. आकडा चढत गेला. ११५. ११६. पुतण्या अधीर झाला. ते शांत. ११७ला त्यांनी फावड्याच्या टोकावरचा पाक थंड पाण्याच्या भांड्यात टाकला, बोटांनी गोळी वळली, भांड्याच्या काठावर आपटली, आणि म्हणाले, ‘न्हाई अजून.’ मग क्षणभराने, तापमापकाकडे न पाहता, जाळ ओढायला सांगितले. आकडा त्या वेळी ११८च्या जरा वर होता. पुढच्या आदणाला त्यांनी ११६लाच उतरवले.

‘असं का?’ पुतण्याने विचारले.

‘हा ऊस खोडव्याचा. मगाचा लागणीचा. शिवाय वारं फिरलंय.’

वाऱ्याचा पाकाशी काय संबंध, हे आम्ही विचारले नाही. पुतण्याने विचारले. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग प्रामाणिकपणे सांगितले, की असतो एवढेच ठाऊक आहे. दडवून ठेवण्याचा त्यांत लेशही नव्हता. ते सर्व सांगावयास तयार होते, त्यांच्यापाशी जे होते ते सांगण्याच्या आकाराचे नव्हते, इतकेच. आमच्या मनात अनेक वर्षे एक हलका सल होता, की तात्यांनी आपल्याला अपात्र ठरवून विद्या राखून ठेवली. त्या दिवशी काहिलीपाशी उभे असता तो सल थोडा सैल झाला, आणि दुसरा अधिक घट्ट झाला. ते म्हणाले होते, ‘बघ.’ एकदा पाहून दिसले नाही, म्हणून आम्ही पाहणे सोडले.

परतल्यावर कृती तयार झाली. ऊस, चिपाडे, भेंडी, चुना, आणि जाळ म्हणून ते कोळसा खाणारे फूल. पुतण्याच्या मते दौंडच्या गुऱ्हाळाला एवढी जादू खपून जाईल. दहा आदणांतून एकदोन काकवीचे निघावेत, अशीही योजना त्याने केली. ते यंत्राच्या मर्जीवर, म्हणजे फाशांवर. राहिला तो रंग. त्याने बाजारात मिळतो तसा पिवळाधमक गूळ रंगवला. आम्ही म्हटले, तो रसायनाचा रंग. तात्यांचा गूळ तांबूस असे. तो म्हणाला, आईने दाखवलेल्या ढेपा काळपट होत्या. शेवटी काकूंना, म्हणजे त्याच्या आजीला, फोन लावला. त्या ऐकून हसल्या. ‘अरे, एका काहिलीचा रंग दुसऱ्या काहिलीला कुठं येतो? परतेक ढेप आपापली.’

पुतण्याने ते अक्षरशः घेतले. प्रत्येक ढेपेला रंगाची किंचित निराळी छटा येईल, असे त्याने लिहिले. आता या खेळाचा नियम असा, की तंतोतंत सारख्या वस्तू चौसष्टपर्यंत एकावर एक रचता येतात. केसभर फरक पडला, की प्रत्येकीला स्वतंत्र खण लागतो. त्याने अभिमानाने उभारलेले एक यांत्रिक कोठार होते. त्यातील एकेका तबकडीवर वस्तू हजारोंनी मावतात, पण प्रकार त्रेसष्टच. मातीचा पुतळा ऊस तोडत राहिला, फूल कोळसा खात राहिले, आणि त्रेसष्टाव्या ढेपेला पहिली तबकडी भरली. अर्ध्या तासाने दुसरी. तिसरीच्या वेळी नळातच ढेपा अडकून बसल्या आणि सारे कारस्थान थंडावले.

‘काका, आता साध्या पेट्याच कराव्या लागणार,’ तो म्हणाला. ‘लाकूड आणता का?’

आम्ही कुऱ्हाड घेतली आणि त्याने दाखवलेल्या दिशेने, ठोकळ्यांच्या जंगलाकडे, चुकतमाकत निघालो.